आसरांच्या विहिरीवरचा लाल दिवा

आधी नाव सांगतो, बाकीचं मागून. द्वारकाअक्का. धरणगावहून निघून डांबरी रस्ता सोडला आणि गाडीवाटेने आत शिरलं की काळ्या मातीचं जे शिवार लागतं, तिथली. तिचं आडनाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. मी तिला अक्का म्हणायचो. ती मला कोकन्या म्हणायची, आणि चिडली की मुडद्या. त्या वर्षीच्या कांद्याच्या फुलोऱ्यात माझ्या मधमाशांच्या पेट्या जगल्या त्या तिच्यामुळे. पेट्या जगल्या म्हणून मी अजून या कामात आहे. नाहीतर केव्हाच कुडाळची गाडी धरली असती.

आज ती आठवायला कारण झालं. आम्ही सध्या धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या वरच्या अंगाला पठारावर उतरलोय. सकाळी बाहेर आलो तर डोंगळे उघडले होते. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला उभा पोकळ दांडा फुटतो आणि दांड्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो, त्याला डोंगळा म्हणतात. कालपर्यंत ते पापुद्र्यात मिटलेले होते. रात्रीत पापुद्रे फाटले. वावरभर पांढरी डोकी, सगळी एका उंचीची. वारा आला की सगळी एकदम एका बाजूला वळतात, वारा थांबला की परत सरळ होतात. फुलोऱ्याच्या पहिल्या दिवशी मला दरवर्षी वाटतं की माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय आणि ही सगळी डोकी त्याच्याकडे बघतायत. मी मागे वळून बघतो. कोणी नसतं. तरी दरवर्षी बघतो.

आमचं काम फिरतं. जिथे फुलोरा तिथे पेट्या, आणि पेट्यांजवळ माणूस. माशी बसल्याशिवाय कांद्याचं बी धरत नाही, म्हणून शेतकरी आम्हाला बोलावून घेतात. पेट्या तेव्हा विलासकाकांच्या, मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी राहण्यासाठी एक छोटा ट्रेलर घेतला होता, पुण्याच्या एका कुटुंबाकडून. सुट्टीत रानात जाऊन राहायची हौस असते ना काही लोकांना, तसल्यांसाठी बनवलेला. जीपमागे ओढताना तो नुसता बंद डबा असतो. थांबलं की हँडल फिरवायचं. छत वर उचललं जातं, कापडी भिंती ताणल्या जातात, दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या बाहेर सरकतात, आणि डब्याची खोली होते. छतावर सोलर पॅनल, फळीखाली बॅटरी, बॅटरीवर छोटा पडदा आणि पडद्यावर उरलेल्या विजेचा आकडा. वायर कुठून येत नाही, नळ कुठून येत नाही. त्या कुटुंबातल्या मुलाने छताला आतून चांदण्या चिकटवल्या होत्या, अंधारात हिरवट चमकणाऱ्या. हौस फिटल्यावर त्यांनी ट्रेलर विकला, चांदण्या तशाच राहिल्या. परक्या मुलाच्या आभाळाखाली मी झोपायचो.

त्या आकड्याने मला फार छळलं. ऊन पडलं की तो चढतो, ढग आला की थबकतो, दिवस बुडाला की उतरायला लागतो. मी मुळात काळजीखोर. भात शिजत असताना बघायचो, दात घासताना बघायचो. बॅटरी भरलेली दिसली तर वाटायचं, हा आकडा खोटा तर नसेल? दिवा, फोन आणि एक पंखा, एवढाच तर खर्च. पण चहूकडे मैलभर काळोख आणि आपल्या हातात मोजका उजेड, असं झालं की माणूस उजेड जपायला लागतो, आणि जपता जपता आणखी घाबरतो. आईचा फोन यायचा. "जेवलंस मा रे?" जेवलंय. "थंय सोबतीक कोण आसा?" मी म्हणायचो, "आसत गो, पेटये भरान आसत." ती हसायची नाही.

त्या वर्षी काका मला एकट्याला ठेवून दुसऱ्या पेट्या घेऊन पुढे गेले. जाताना म्हणाले, "हा फुलोरा एकट्याने पार पाड. पेट्या दिल्या तशा परत मिळाल्या तर पुढच्या वर्षीपासून हा ट्रेलर आणि या पेट्या तुझ्या ताब्यात. नाही जमलं तर नाही जमलं. घरी जा. मी काही बोलणार नाही." ते शेवटचं मला जास्त लागलं. नववीत शाळा सुटल्यापासून मी बेकरीत राहिलो, लॉजवर राहिलो, मासळीच्या ट्रकवर गेलो, आणि दर वेळी घरी परत आलो. दर वेळी वडील काही बोलले नाहीत. पाट सरकवायचे, जेव म्हणायचे, आणि स्वतः उठून अंगणात जायचे. आणखी एकदा तो पाट मला बघायचा नव्हता.

जागा दिली नानांनी. वावर त्यांचं, पण ते राहायचे जळगावात, मेहरूणला. एका दुपारी येऊन त्यांनी कोपरा दाखवला. जुनी विहीर, तिच्यावर वाकलेला कडुनिंब, थोडी पडीक जमीन. विहिरीच्या कठड्याला लागून शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले. नाना म्हणाले, "निवांत जागा आहे. इथे तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. आणि शेजारी कोणी फवारणार असेल तर आदल्या दिवशी बांधावर येऊन सांगतात, ती इथली रीतच आहे. लोक गुरं, वैरण आवरून घेतात. तुम्ही पेट्यांची दारं लावून घ्या, म्हणजे झालं." मी मान डोलावली. विषारी औषध पडलेल्या फुलावर माशी बसली तर ती तिथेच मरते, नाहीतर घरी परतून बाकीच्यांना मारते. म्हणजे माझा सगळा भरवसा कोणीतरी बांधावर येऊन सांगेल, यावर होता.

पहिल्याच संध्याकाळी मी चूक केली. अंधारात लांब जायला नको म्हणून पेट्या ट्रेलरच्या अगदी जवळ मांडल्या. आणि तिन्हीसांजेला भीती घालवायला आतला पांढरा दिवा मोठा करून लावला. माझं हे कापडाचं घर त्या काळ्या वावरात कंदिलासारखं पेटलं असणार. मी आत कांदा चिरत होतो. भिंतीवर टिचकी वाजली. मग दुसरी. वाटलं, कडुनिंबाची पानं पडतायत. मग भिंतीवर ठिपके दिसायला लागले, बाहेरच्या बाजूने, पायांचे, सरकणारे. बघता बघता एक भिंत काळी झाली, मग दुसरी. प्रवासाने बिथरलेल्या माशा पेटीतून निघून उजेडाकडे आल्या होत्या आणि कापडाला चिकटल्या होत्या. आवाज कानाने ऐकू येत होता असं म्हणता येणार नाही, तो दातांत येत होता. मी भिंतीला आतून तळहात लावला. कापड कोमट होतं आणि थरथरत होतं, गाईच्या पोटाला हात लावल्यासारखं. मी घाबरून दिवा मालवला. घूं हळूहळू खाली बसली, आणि मग बाहेर टप टप असं काहीतरी मातीवर पडत राहिलं. वर त्या मुलाच्या हिरव्या चांदण्या. सकाळी ट्रेलरच्या चारी बाजूंनी, भिंतीच्या अगदी पायाशी, थंडीने मेलेल्या माशांची रेघ होती. कोणी रांगोळी काढावी तशी.

काका फोनवर ओरडले, "अरे गाढवा, माशीला पांढरा दिसतो. लाल दिसत नाही. लाल लाव, आणि पेट्या लांब सरकव." मी धरणगावात जब्बारभाईंच्या दुकानात गेलो. बॅटऱ्या भरणं, वायरिंग, पंखे, सगळं तेच करायचे, आणि बोलायचेही तेच. "लाल पाहिजे? आणि रानात एकटा राहतो? घे बाबा. आता तू स्टेशन मास्तर. गाड्या थांबव." लाल दिव्यांची पट्टी देताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "जागा कुठली म्हणालास?" मी विहिरीची खूण सांगितली. त्यांनी पट्टी गुंडाळली, नीट पिशवीत घातली आणि पुढे काही बोलले नाहीत. इतका बोलका माणूस गप्प झाला हे मला एसटीत बसल्यावर कळलं.

लाल उजेडात राहून बघितलं आहे का कोणी? हिरवं काळं दिसतं. मेथीची भाजी कोळशासारखी. स्वतःचे हात परक्याचे वाटतात, कारण त्यांवरचे डाग दिसेनासे होतात. भिंतीवर माशी येत नव्हती, खरं आहे. पण वारा सुटला की ते लाल कापड आत यायचं, बाहेर जायचं, आत यायचं, बाहेर जायचं, आणि मधे बसलेला मी. आपण कोणाच्या तरी छातीत बसलोय असं वाटायचं.

मग लोक यायचे थांबले. सुरुवातीला बांधावरून जाणारे थांबायचे, "काय मधवाला, मध निंघना का?" असं विचारायचे, एकाने ताकही आणून दिलं होतं. ते सगळं हळूहळू बंद पडलं. मोटर चालू करायला जाणारे पुरुष लांबच्या बांधाने वळसा घालून जायला लागले. निंदायला आलेल्या बायका ऊन उतरायच्या आत पाट्या उचलून निघायच्या आणि विहिरीच्या बाजूला पदर आडवा धरायच्या. मी हात हलवला तर कोणी हलवत नसे. आणि सकाळी वस्तू सापडायला लागल्या. आधी त्या सात दगडांपाशी, ताजा शेंदूर, हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा. मग एका सकाळी ट्रेलरच्या चाकाशी हळदकुंकू, आणि जीपला अडकवायच्या हुकावर टोचलेलं लिंबू. वाटलं, कोणीतरी माझ्यावर करणी करतंय. आता हसू येतं. ते मला घाबरत होते आणि मी त्यांना, आणि मधल्या मधे लिंबू.

पण तेव्हा हसू येत नव्हतं, कारण एक गोष्ट मला लख्ख कळत होती. इथे माझ्याशी बोलायला कोणी येत नाही, म्हणजे फवारणीचं सांगायलाही कोणी येणार नाही. मी रोज सकाळी माशा उडायच्या आधी चारी बाजूंना कान देऊन उभा राहायचो, पंपाचा आवाज येतोय का म्हणून. एकदा मी स्वतः बांधाबांधाने विचारायला निघालो. मला बघून एक म्हातारे आबा उठले आणि घरात गेले. दार लावलं नाही, नुसते आत गेले. मी परत आलो.

त्याच दिवसांत अक्का पहिल्यांदा बोलली. बायकांच्या घोळक्यात होती, केळीचा वाळलेला दोर कमरेला गुंडाळलेला, आवाज शिवारभर जाणारा. लांबूनच ओरडली, "ओ कोकन्या! तुले भ्याव नही वाटस का रे?"

"कशाचं?"

"कशाचं म्हने!" ती शेजारणीला म्हणाली. "येनं डोकं फिरेल शे." बाकीच्या हसल्या, पण ती हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. विहिरीकडे बघत होती, आणि लगेच तिने मान फिरवली.

आत्ता हे लिहिताना बाहेर दिवस बुडतोय. या पठारावर पवनचक्क्या आहेत. उन्हं तिरकी झाली की त्यांच्या पात्यांच्या सावल्या वावरावरून, पेट्यांवरून, माझ्या कापडी भिंतीवरून जातात. एक गेली, थोडा वेळ काही नाही, दुसरी गेली. खोलीत कोणीतरी न बोलता येरझाऱ्या घालतंय असं वाटतं. अंधार पडला की त्यांच्या माथ्यावर लाल दिवे लागतात, म्हणून इथे माझ्या लाल दिव्याला कोणी विचारत नाही. त्यांतलाच एक धरतात. तिथे धरणगावकडे आख्ख्या शिवारात लाल दिवा एकच होता, आणि तो बरोबर आसरांच्या विहिरीवर होता.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. आमच्या कोकणातही त्या आहेत, फक्त मी त्यांना तिथे, काळ्या मातीत, ओळखलं नव्हतं. त्या शिवारात अशी समजूत की तिन्हीसांजेनंतर त्या विहिरीवर जायचं नाही, दिवा न्यायचा नाही. बाईमाणसाने तर नाहीच.

ती संध्याकाळ सांगतो. सूर्य गेलेला, पश्चिमेला थोडा उजेड उरलेला. मी दिवा लावून भाकरी खात होतो. पानाचाही आवाज नव्हता. तेवढ्यात विहिरीच्या बाजूने बांगड्या वाजल्या. मी थांबलो. परत वाजल्या. आणि कापडावर, बाहेरच्या उरल्या उजेडात, एक उभी बाई दिसली, डोक्यावरून पदर घेतलेली. पुढे येईना, मागे जाईना. मग अगदी बारीक आवाजात, "मधवाला... ओ मधवाला..."

मी काय केलं असेल? दिवा मालवला.

बाहेर अशी किंकाळी उठली की कडुनिंबावरचे कावळे उडाले. मीही आत ओरडलो. मग तोच शिवारभर जाणारा आवाज: "लाइट लाव रे मुडद्या! मनं काळीज फाटी जाई आठे!"

मी दिवा लावला. चेन उघडली. अक्का उभी होती आणि मला शिव्या देत होती.

"तू... तुम्ही कोण?"

"द्वारका शे मी. आसरा नही. बाई शे, बाई! हात लाईसनी देख!" आणि तिने खरोखरच हात पुढे केला. मी तो धरला. बर्फासारखा गार होता. तसाच धरून ती म्हणाली, "सकाय दिन निंघताच फवारनार शेतस. नदीकडला वावरमा. बठ्ठा कांदावर."

नदीकडचं वावर म्हणजे माझ्या पेट्यांना लागून. "मला कोणीच सांगितलं नाही," एवढंच तोंडातून निघालं.

"कोन सांगी? आठे कोन येस? बठ्ठा गाव म्हनस, आसरास्नी दिवा लाया. रोज संध्याकायले लाल घर धडधड करस."

मी तिला समजावून सांगितलं, लाल का, पांढरा का नाही, माशीला काय दिसतं. तिने पट्टीखाली हात धरून उलटासुलटा करून बघितला. "माशीले दिसत नही," ती म्हणाली, "आन बठ्ठा गावले दिसस. भलती अक्कल तुनी."

माशा परतल्या होत्या. पेट्यांची दारं जाळीने बंद करायची आणि वर ओली पोती टाकायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी दिवसभर आत कोंडूनही त्या तापणार नाहीत. जाळी होती. पोती होती. पाणी मात्र प्यायचा कॅन, तोही अर्धा; शेंदराच्या त्या दगडांमुळे विहिरीत मी कधी बादली सोडली नव्हती. गावातून पाणी आणायचं तर अंधारात कोण बैलगाडी जुंपणार? मी कॅनकडे बघत राहिलो. अक्का विहिरीकडे बघत होती.

"दोर शे का तुनाकडे?"

दोर होता, ट्रेलर बांधायचा. तिने बादलीला गाठ मारली. पण उठली नाही. पायरीच्या फळीवर बसून राहिली आणि मग सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. तिची एकुलती मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अक्का दूरच्या वावरात मजुरीला. मुलगी तिन्हीसांजेला याच विहिरीवर पाण्याला आली आणि इथेच बसली, उठेना. बायकांनी पाहिलं. आसरा लागल्या म्हणून कोणी तिला हात लावला नाही. भगताला बोलवायला धावले. सगळ्या गावाला कळलं. अक्का दिवसभराचं काम संपवून, दुसऱ्या वाटेने, गाणं म्हणत घरी आली होती. तोवर फार उशीर झाला होता. बाळ वाचलं, आई गेली.

"माले कोनी सांगं नही रे," ती म्हणाली. "बठ्ठास्ले ठाऊक व्हतं. माले कोनी सांगं नही."

तेव्हापासून ती या कोपऱ्यात आली नव्हती. आज दुपारी फवारणीचं बोलणं तिच्या कानावर आलं. तिने दोघातिघांना म्हटलं, त्या पोराला सांगून या. कोणी गेलं नाही. मग ती घरी गेली, चूल पेटवली, आणि चूल तशीच जळती ठेवून निघाली.

ती उठली आणि विहिरीच्या कठड्याशी गेली. कापडातून येणारा लाल उजेड तिथवर पडत होता. ती अचानक थबकली. "ये आठे," म्हणाली. "हाई देख." मी बघितलं. सातही दगड कोरे होते, फिकट, पांढुरके. एवढा थापलेला शेंदूर, पण लाल उजेडात तो दिसतच नव्हता. नदीतून उचलून आणलेले साधे गोटे, ओळीने ठेवलेले.

"नुसता दगड शेतस," अक्का म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. मग तिने बादली आत सोडली. दोर पुष्कळ गेला. पाणी लागल्याचा आवाज खूप खालून आला, आणि त्याच्यामागून आणखी एक आवाज आल्यासारखा वाटला, श्वास सोडल्यासारखा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही अजून कोणाला बोललो नाही. वर आलेलं पाणी काळं दिसत होतं. तिने त्यात हात बुडवला, तोंडावरून फिरवला, आणि मग बादलीमागून बादली काढत राहिली. मी पोती भिजवत राहिलो. जाताना मी हात जोडले तर खेकसली, "हात कसाले जोडस? मी काय देव शे?" आणि घराच्या वाटेला लागली. गाडीवाटेवर ती दिसेनाशी झाली तरी बांगड्या बराच वेळ वाजत होत्या.

दुसरा दिवस. उन्हं निघताच पंप सुरू झाले. नदीकडून पांढुरका धूर आला आणि आमच्या बांधावर रेंगाळला. मी सगळं कापड बंद करून आत बसलो. कोवळं ऊन पडलं, पॅनल भराभर भरत होतं, इतक्या सकाळी इतका आकडा मी कधी पाहिला नव्हता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. भर दुपारी तोंडाला फडकं बांधून बाहेर आलो. डोळे दिपवणारं ऊन, हजारो उघडी फुलं, आणि एकही माशी नाही. फुलावर कोणी नाही ही गोष्ट किती भयंकर दिसते! डोंगळे वाऱ्याने वळत होते, सरळ होत होते. बांधावर रानमाशा आणि फुलपाखरं पडलेली. एक फुलपाखरू पंख मिटून, उघडून, मिटून, मग तसंच. आणि माझ्या पेट्यांतून, ओल्या पोत्यांखालून, एक जाड, कोंडलेला आवाज येत होता. जमिनीखाली गर्दी कोंडावी तसा. मी प्रत्येक पेटीला कान लावत फिरलो. आवाज बंद पडलेली एकही नव्हती. मी रडलो असेन, फडकं ओलं होतं.

पुढच्या सकाळी जाळ्या काढल्या. आधी एक आली, दारात थांबली, मिशा साफ केल्या, आणि गेली. लांबच्या बांधावर बायका उभ्या राहून बघत होत्या. अक्का त्यांच्यात होती, हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि सगळ्याजणी हसत होत्या. बहुधा मी दिवा कसा मालवला ते. त्या दिवसापासून विहिरीवर पाण्याला बायका यायला लागल्या असं मी म्हणणार नाही, कारण आल्या नाहीत. समजूत एवढ्यात जात नाही. पण बांधावर परत कोणी ना कोणी थांबायला लागलं.

फुलोरा संपला. मी हँडल उलटं फिरवलं, छत खाली आलं, खोलीचा परत डबा झाला. काका पेट्या बघून नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर हा ट्रेलर आणि या पेट्या माझ्याकडेच आहेत. निघताना अक्का केळीचा घड घेऊन आली. तिच्या बांधावरचा. ट्रेलरच्या हुकाशी उभी राहून म्हणाली, "पुढे कथा जास?" मी म्हटलं, साक्रीकडे. तिने घड माझ्या हातात दिला. मग म्हणाली, नात तिकडेच शे. बाळाला जावई घेऊन गेला, त्याने दुसरं घर मांडलं, आणि नंतर ना कोणी आलं, ना कसला निरोप. पूनम नाव. ते नावही अक्काने ठेवलेलं, आता तेच चालतं की बदललं, तेही माहीत नाही. "तू तिकडे फिरस," ती म्हणाली. "दिसनी ते सांगजो."

ते गाव या पठाराच्या पलीकडच्या उतारावर आहे. मागच्या वेळी आलो तेव्हाही होतं. मी किराणा आणायला त्या रस्त्याने जातो. फाट्यावर दप्तरं घेतलेल्या मुली उभ्या असतात, एकमेकींच्या वेण्या ओढत. मी जीप हळू करतो. आणि मग काच वर करून पुढे जातो. परक्या माणसाने परक्या गावात एका मुलीची चौकशी करायची, तिच्या बापाच्या दारात उभं राहायचं, आणि त्याच्या मेलेल्या बायकोच्या आईचं नाव घ्यायचं. काय म्हणेल तो? मारेल का? दार लावून घेईल का? की त्या आबांसारखा नुसता उठून आत जाईल? मी रोज मनात हे सगळं करून बघतो आणि रोज मनातच परत फिरतो.

बाहेर आता पूर्ण अंधार पडलाय. वर पाती फिरतायत, दिसत नाहीत, फक्त त्यांचा सपका ऐकू येतो. पेट्या शांत आहेत.

अक्का, हे तुला कोणी वाचून दाखवेल की नाही, ठाऊक नाही. तू केलंस त्याची परतफेड मला या जन्मी पूर्ण जमणार नाही. पण एवढं करीन. या फुलोऱ्यात नाही धीर झाला तर पुढच्या, पण एक दिवस मी त्या दारात जाईन, दिवसाढवळ्या, आणि तुझं नाव सांगेन. पूनम कशी आहे, किती उंच झाली, कोणासारखी दिसते, हसते का, हे सगळं बघेन. आणि ते फोनवर कळवणार नाही, कोणाच्या हाती निरोपही देणार नाही. मी धरणगावला येईन, तू ज्या कुठल्या वावरात असशील तिथवर चालत येईन, आणि काम चालू असलं तरी तुला हाक मारून, समोर उभा राहून सांगेन.